तीन मिलिमीटर

वारा पश्चिमेचा, नेहमीचा. हँगरचा पत्रा
सकाळपासून एकच तक्रार करतोय.
इथे चुबुतच्या पठारावर झाडंसुद्धा
समुद्राकडे वाकूनच मोठी होतात.

नेलिदा कुरिनाओ, मेंढ्यांची डॉक्टर.
तिचं सेस्ना माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं.
आम्हा दोघांचेही सांधे थंडीत
आधी कुरकुरतात, मग चालतात.

"थ्रॉटल जरा अडतो," ती म्हणाली,
नवरा जरा कमी बोलतो म्हणावं तशी.
"अर्ध्यावर. मग किंचित उचलायचं,
अंगठ्याने डावीकडे रेटायचं, की जातो आत."
किती दिवस झाले?
"दिवस?" ती हसली. "अकरा वर्षं."

पॅनेलखाली तादेओला सरकवलं.
माझं पोट तिथे १९९८ पासून मावत नाही.
तो उताणा, दातांत टॉर्च,
मी वरून मूठ ओढतोय, ढकलतोय,
डोळे मिटून.
आत कुठेतरी भाकरीत वाळू चावल्यासारखं.

फायरवॉलच्या भोकातल्या रबराचा दगड झालेला.
त्यापुढे, एग्झॉस्टच्या फार जवळून जाताना,
वेष्टनाची वेटोळी उसवलेली,
तार उघडी पडून, झिजून, निम्म्यावर आलेली.
मिश्रणाच्या लाल मुठीचीही तीच गत,
फक्त ती लाल आता गुलाबी.

कार्ब्युरेटरपाशी खाचांचा नट होता.
कॉटर पिन नव्हती.
तिच्या जागी कुंपणाची तार,
दोन वेढे, टोक आत दुमडलेलं.

"हे कुठल्या गाढवानं केलं?" तादेओ.
मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
तारेचा पीळ डावरा होता.
ह्या हँगरात डावरा एकच माणूस झाला.

आठवत काहीच नाही. कदाचित संध्याकाळ असेल,
बर्फ येणार असेल, पिनांची डबी रिकामी असेल,
कुणीतरी घाई करत असेल, आणि मी
सव्वीस वर्षांचा, "उद्या बदलतो" म्हणणारा.

नवी केबल ब्वेनोस आइरेसहून आली,
बसच्या टपावर, तीन आठवड्यांनी.
जुनी तिच्या शेजारी जमिनीवर पसरली.
जुनीला सगळी वळणं पाठ होती,
सरळ करायला गेलं की परत वळत होती.
नवीला एकही ठाऊक नव्हतं.
हळू, म्हणालो पोराला, काटकोनात वाकवू नकोस,
नदी वळते तशी वळू दे.

मग मूठ पूर्ण आत. तिकडे कार्ब्युरेटरचा दांडा
आपल्या थांब्याला टेकलाय का, ते बघायचं,
आणि इकडे मूठ आणि पॅनेल यांच्यामध्ये
तीन मिलिमीटर मोकळी जागा उरायला हवी.
का? तादेओने विचारलं.
नाहीतर हाताला वाटतं, सगळं दिलं,
आणि इंजिनापर्यंत ते पोचलेलंच नसतं.
तो फूटपट्टी लावून बघत राहिला.
मी नवी पिन घातली. तोंडं फाकवली. त्याच्याकडून
बोटाने चाचपून घेतली. मग पुन्हा माझ्या बोटाने.

नेलिदाने इंजिन सुरू केलं, चाकांना अडणी लावून.
अर्ध्यावर तिचा हात आपोआप उचलला गेला,
अंगठा डावीकडे गेला
आणि तिथे रेटण्यासारखं काही नव्हतं.
इंजिन एकदम ओरडलं. विमानाने नाक खाली दाबलं.
तिने मूठ झटकन बाहेर ओढली, आणि बसून राहिली.
"दुसऱ्याचंच वाटतंय," म्हणाली.
पाच-सहा वेळा नुसतं आत-बाहेर केलं,
नव्या मेंढीचे दात बघावेत तसं.

तेव्हा तिला तारेचं सांगितलं. माझं नाव घेऊन.
ती बराच वेळ वाऱ्याकडे बघत होती.
"धरून होती ना?"
होती.
"मग बिलातून तेवढं कापून टाक."
जुनी केबल तिने फाटकाला बांधायला नेली.

लॉगबुकात लिहिलं: दोन्ही केबल बदलल्या,
हालचाल पूर्ण, मोकळी, पन्नास तासांनी पुन्हा बघणे.
खाली सही. डाव्या हाताने.
तादेओ पिनांची डबी भरत होता,
मोजून.